वाळूवर नुसता दाब वाढवत नेला तर तिचा दगड होतो का?

तुम्ही विचारलंय की वाळूवर दाब वाढवतच नेला तर तिचा वालुकाश्म (वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड) होईल का, आणि तयार वालुकाश्म घेऊन तोच असा दाबला तर तो अजून घट्ट होईल की फुटेल. शिवाय तुमच्याकडे २० टनी हायड्रॉलिक प्रेस आहे आणि करून बघायचा विचार आहे असंही लिहिलंय. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर दोन्ही, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो घट्ट होतो तो फुटूनच होतो.

मी काही वर्षं दगडांच्या चाचण्या करणाऱ्या एका लॅबमध्ये होते. पहिल्यांदा स्वतः वाळू दाबली तेव्हा माझाही समज साधारण तुमच्यासारखाच होता. जाड भिंतीचा स्टीलचा सिलिंडर, त्यात धुऊन वाळवलेली भरड क्वार्ट्ज (गारगोटीचं टणक खनिज) वाळू, वरून पिस्टन, आणि हळूहळू लोड चढवायचा. सुरुवातीला नुसता स्क्रीनवरचा आकडा सरकत होता, मग आतून कट... कट... असे आवाज यायला लागले आणि मी घाबरून मशीनच बंद केलं, म्हटलं लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) तरी गेला किंवा सिलिंडरला तरी तडा गेला. शेजारचे सीनियर हसले, म्हणाले चालू कर, कण फुटतायत, दुसरं काही नाही. शेवटी सॅम्पल बाहेर काढलं तर एक पांढुरकी चकती निघाली, हातात धरता येत होती पण अंगठा जरा जोरात दाबला की चुरा. म्हणजे दगड तर नाहीच, उलट जे चांगले टणक कण होते त्यांची भुकटी करून ठेवली होती मी.

तर आधी पोकळीचा हिशोब बघू, कारण सगळी गोष्ट पोकळीचीच आहे. वाळूचा कण, म्हणजे घट्ट क्वार्ट्जचा तुकडा, दाबून लहान होत नाही (होतो, पण इतका कमी की सोडून द्या). जे कमी होतं ते कणांमधलं रिकामं. एकसारख्या गोळ्या अगदी एकावर एक सरळ रचल्या तर ४८ टक्के जागा रिकामी राहते, आणि जगातली सगळ्यात दाट रचना केली तरी २६ टक्के राहतेच, याहून दाट रचताच येत नाही असं केप्लरने १६११ मध्ये म्हणून ठेवलं होतं आणि ते सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडलं, थॉमस हेल्सने केलं. खरी वाळू या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. चांगली निवडक, एकाच मापाची वाळू निसर्गात साचते तेव्हा तिच्यात ४० ते ४२ टक्के पोकळी असते. लहानमोठे कण मिसळलेले असतील तर लहान कण मोठ्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतात, मग सुरुवातच ३० च्या आसपास होते.

आता एक साधा प्रयोग, याला प्रेस लागत नाही. पारदर्शक बाटलीत कोरडी वाळू हळूच ओता, वर खूण करा आणि अंगठ्याने जोर लावून दाबा. पातळी जवळपास हलणार नाही. मग बाटलीला बाजूने टिचक्या मारा, पातळी सरसर खाली जाईल. अंगठ्याचा जोर टिचकीपेक्षा कितीतरी जास्त होता, तरी काम टिचकीने झालं. कारण वाळूचे कण एकमेकांना घर्षणाने धरून असतात आणि तुम्ही जितकं दाबाल तितकं ते घर्षणही वाढतं, म्हणजे तुम्ही कणांना हलवताय आणि त्याच वेळी हलू नका म्हणून घट्ट पकडूनही ठेवताय. टिचकीने ती पकड क्षणभर सुटते आणि कण घसरून जवळच्या खड्ड्यात बसतो. बांधकामात वाळूची भरणी करताना नुसता जड रोलर फिरवण्यापेक्षा व्हायब्रेट करणारा रोलर वापरतात ते यासाठीच, आणि खोलवरची सैल वाळू घट्ट करायला जमिनीत कंप देणारा लांब दांडा घालायची पद्धत जर्मनीत १९३० च्या दशकात निघाली. जरा ओलसर वाळू असेल तर अजून त्रास, कणांमधल्या पाण्याच्या बारीक पुलांनी कण एकमेकांना धरून ठेवतात आणि वाळू फुगलेलीच राहते, एकदम कोरडी किंवा भरपूर भिजलेली वाळू त्यापेक्षा नीट बसते.

(याचीच उलटी बाजू भूकंपात दिसते. सैल वाळू पाण्याने पूर्ण भरलेली, जमीन हलली, कणांना खाली बसायचंय पण मधल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच नाही, मग वजन पाण्यावर येतं आणि वाळू काही वेळ द्रवासारखी वागते. १९६४ च्या निगाता भूकंपात जपानमध्ये अख्ख्या इमारती न मोडता आडव्या झाल्या त्या अशा.)

आणि दाबलं की वाळू दबतेच असंही नाही हां. समुद्राकाठच्या घट्ट ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू एकदम कोरडी दिसते, बघितलं असेल. आधीच दाट बसलेल्या कणांना घसरायचं असेल तर एकमेकांवर चढावं लागतं, त्यामुळे मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये हे समजावून सांगितलं. म्हणजे कातरणारा जोर (कणांना एकमेकांवरून सरकवणारा) असेल तर दाट वाळू फुगते, सैल वाळू दबते.

बरं, प्रेसकडे येऊ. ५ सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन आणि २० टन म्हणजे साधारण १०० मेगापास्कल (दाबाचं एकक, एक मेगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहापट). हा किती? जमिनीखाली दर किलोमीटरला वरच्या थराचं वजन साधारण २२-२३ मेगापास्कलने वाढतं, पण कणांमधलं पाणी त्यातला १० च्या आसपास भार स्वतः उचलतं, म्हणजे कणांच्या सांगाड्यावर दर किलोमीटरला १२-१३ च येतात. त्या हिशोबाने तुमचा प्रेस ८ किलोमीटर खोलीएवढा भार देऊ शकतो. आणि तरी दगड होणार नाही.

कारण तो १०० मेगापास्कल सगळ्या वाळूवर सारखा पसरतच नाही. ताण दिल्यावर रंग बदलणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या कणांसारख्या रचून दाबल्या की दिसतं, काही मोजक्या चकत्यांच्या ओळी चमकतात आणि बाकीच्या बऱ्याचशा काळ्याच राहतात, म्हणजे सगळा भार थोड्या साखळ्या उचलतात आणि शेजारचे कण आरामात बसलेले असतात. त्यात परत दोन कण टेकतात ते एका टिंबाएवढ्या जागेत. हर्ट्झने (हो, तोच रेडिओ लहरीवाला) १८८२ मध्ये दोन गोल वस्तू टेकल्यावर काय होतं त्याचं गणित मांडलं, ते क्वार्ट्जला लावलं तर बाहेरून सरासरी १० मेगापास्कल दिला तरी टेकण्याच्या जागी काही गिगापास्कल (एक म्हणजे हजार मेगापास्कल) होतात, म्हणजे शेकडो पट. आणि त्या टेकलेल्या गोलाच्या कडेला कण दाबला जात नसतो तर ताणला जात असतो. दगडी वस्तू दाबाला भक्कम, ताणाला कच्ची. तिथूनच भेग सुरू होते.

इथे एक गोष्ट आहे जी बहुतेकांना उलटी वाटते, मलाही वाटली होती. भरड वाळू आधी फुटते, बारीक वाळू जास्त दाब सहन करते. वाटतं मोठा कण म्हणजे मजबूत, पण तसं नाही. हर्ट्झच्या गणितात टेकण्याच्या जागेचा ताण कणाच्या मापावर अवलंबून नसतो, वाळू बारीक असो की भरड, बाहेरचा दाब तोच तर आतला कमाल ताणही तोच. फरक भेगांचा आहे. मोठ्या कणात मोठी भेग मावते आणि भेग जितकी मोठी तितका कमी ताण तिला पळवायला पुरतो, हे ग्रिफिथने काचेवर १९२१ मध्ये दाखवलं होतं.  झांग, वाँग आणि डेव्हिस यांनी १९९० मध्ये हे सगळं एकत्र करून एक सोपा नियम दिला, कण चिरडायला सुरुवात होते तो दाब हा पोकळी आणि कणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या दीडाव्या घाताने कमी होत जातो. साध्या भाषेत, पोकळी तेवढीच ठेवून कण दुप्पट मोठा केला तर चिरडण्याचा दाब जवळपास पावणेतीन पट खाली येतो. एवढ्या किचकट प्रकाराला एवढा साधा नियम लागू पडतो याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं, पण वेगवेगळ्या दगडांवर तो बऱ्यापैकी बसतो.

फुटायला लागल्यावर मग काय, सगळंच पीठ होतं का? नाही. पहिला कण फुटला की तुकडे मोकळ्या जागेत पडतात, साखळी मोडते, भार दुसऱ्या साखळीवर जातो, तिथला कण फुटतो, असं चालू राहतं. पण हळूहळू जे मोठे कण वाचलेत त्यांच्याभोवती बारीक तुकड्यांची गादी तयार होते, मग त्यांना दोन-तीन टोकांवर नाही तर सगळ्या बाजूंनी सारखा आधार मिळतो आणि त्यांना फोडणं अवघड होत जातं. म्हणून शेवटी मिळतो तो भरपूर भुकटी आणि त्यात अधूनमधून अख्खे मोठे कण असा प्रकार. माझ्या त्या चकतीत हेच दिसत होतं.

त्या सॅम्पलमध्ये माझी अजून एक चूक होती ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. मी सिलिंडर गळ्यापर्यंत भरला होता, उंची व्यासाच्या दुपटीहून जास्त. वरचा थर पार चिरडलेला आणि तळाची वाळू जवळपास जशी घातली तशी. वाळू भिंतीला घासते आणि अर्धा भार भिंतच खाऊन टाकते, धान्याच्या उंच कोठारात तळाला वजन अपेक्षेपेक्षा कमी भरतं तेही यामुळेच, यान्सेनने १८९५ मध्ये याचं समीकरण दिलंय. मी तीन दिवस त्या ग्राफवरून निष्कर्ष काढत बसले होते आणि तो ग्राफ वाळूचा कमी आणि भिंतीच्या घर्षणाचा जास्त होता. सॅम्पल बुटकं ठेवा, उंची व्यासाच्या निम्मी किंवा त्याहून कमी.

पाण्याचंही बघा. तीच वाळू पाण्याने भिजवून दाबली तर लवकर चिरडते, पाणी बाहेर पडायला मोकळी वाट असली तरीसुद्धा. इथे पाण्याचा दाब नाही तर पाण्याचा रासायनिक परिणाम आहे, भेगेच्या टोकाला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध ताणलेला असतो, तिथे पाण्याचा रेणू पोचला की तो बंध सोपा तुटतो. म्हणून लोड तसाच ठेवून रात्रभर सोडला तरी सकाळपर्यंत वाळू अजून थोडी दबलेली असते आणि मधूनच एखादा कट आवाज येतो. वालुकाश्मातही हेच, भिजलेला दगड कोरड्यापेक्षा कमी दाबात हार मानतो.

आता वालुकाश्म. हा म्हणजे तीच वाळू, फक्त टेकण्याच्या जागा सिमेंटने (बांधकामातलं नाही, कणांमध्ये जमलेलं खनिज) चिकटवलेल्या, क्वार्ट्जचं सिमेंट, कॅल्साइटचं, लोहाचं, मातीचं, जे असेल ते. तो दबणार की फुटणार हे बाजूने किती धरून ठेवलंय त्यावर ठरतं. बाजूने मोकळा असेल आणि फक्त वरून दाबला तर तिरकी चीर पडते, ठाप् असा आवाज आणि दोन तुकडे, आणि फुटायच्या आधी त्याचं आकारमान किंचित वाढतं कारण आत बारीक भेगा उघडतात. तोच दगड चहूबाजूंनी तेलाच्या पुरेशा मोठ्या दाबाखाली ठेवून वरून दाबला तर चीर पडतच नाही, तो सबंधच्या सबंध दबत जातो, आत सिमेंट तुटतंय, कण चिरडतायत, पोकळी कमी होतेय, बाहेरून मात्र नुसता बुटका झालेला दंडगोल दिसतो. आणि चहूबाजूंच्या दाबावर वरून जास्तीचा जोर दिला तर हे चिरडणं अजून लवकर सुरू होतं. अमेरिकेतला बेरिया नावाचा वालुकाश्म या क्षेत्रात सगळेच वापरतात, बारीक कण, २१ टक्क्यांच्या आसपास पोकळी, नुसत्या चहूबाजूंच्या दाबाने त्याला चिरडायला सुमारे ३८० मेगापास्कल लागतात. बॉईसी नावाचा दुसरा भरड आणि ३५ टक्के पोकळीवाला, तो १०० च्याही आत जातो. दिसायला दोन्ही दगडच!

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे दबण्याचे पट्टे. काही सच्छिद्र, एकसारख्या कणांचे वालुकाश्म सगळीकडून सारखे दबत नाहीत, आधी एक पातळ थर कोसळतो, मग त्याच्या शेजारी नाही तर थोड्या अंतरावर दुसरा, आणि हे थर दाबाच्या दिशेला बरोबर आडवे असतात, तिरके नाहीत. अमेरिकेत नेवाडातल्या व्हॅली ऑफ फायरमध्ये अ‍ॅझ्टेक वालुकाश्मात असे पट्टे उघड्यावर दिसतात, सेंटिमीटरभर जाड आणि कित्येक मीटर लांब, आजूबाजूचा दगड झिजला तरी हे झिजत नाहीत म्हणून पातळ पाकळ्यांसारखे वर आलेत. म्हणजे तिथे दगड चिरडून आजूबाजूपेक्षा टणक झालाय. पाणी किंवा तेल या पट्ट्यातून फार कमी जातं, त्यामुळे तेल काढणाऱ्यांना आणि भूजलवाल्यांना यात रस.

खरोखरच्या जमिनीत हे दबणं घडवायला वरून काही ठेवावं लागत नाही, खालचं पाणी किंवा तेल काढलं की झालं. तेरझागीने १९२० च्या दशकात सांगितलेली गोष्ट, कणांवर येतो तो भार म्हणजे एकूण भार वजा द्रवाचा दाब. द्रव काढला, त्याचा दाब उतरला, तो भार आपोआप कणांवर आला. कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या विल्मिंग्टन तेलक्षेत्रात वाळूचे थर असे दबले आणि वरची जमीन मधोमध जवळपास ९ मीटर खचली, बंदराच्या भागात समुद्र आत येऊ नये म्हणून बांध घालावे लागले. मग १९५० च्या दशकात खाली पाणी भरायला लागले तेव्हा कुठे खचणं थांबलं. थांबलं, पण जमीन परत वर आली ती अगदी थोडी, कारण घसरलेले आणि फुटलेले कण परत जागेवर जात नाहीत. (वाळू रगडून तेल काढणं म्हणजे अशक्य काम असं आपण म्हणतो, पण अशा क्षेत्रात तेल वर यायला थोडा हातभार खरोखरच वाळू दबण्याने लागतो.)

नेदरलँड्समधलं ग्रोनिंगेन तर अजून शिकवणारं आहे. तिथला नैसर्गिक वायूचा थर ३ किलोमीटर खोल, घट्ट वालुकाश्म, १९५९ मध्ये सापडला, १९६३ पासून वायू काढायला सुरुवात. वायूचा दाब सुरुवातीला ३५ मेगापास्कलच्या आसपास होता तो वर्षानुवर्षं उतरत गेला, थर अगदी किंचित दबला, टक्क्याचा काही भाग, पण २०० मीटर जाडीच्या थरात तेवढंही पुष्कळ झालं. जुन्या भेगांवर ताण वाढून भूकंप व्हायला लागले, २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा झाला आणि शेवटी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उत्पादन बंद केलं. लॅबमध्ये तो दगड तपासला तेव्हा कळलं की कण फारसे न चिरडताही दबण्याचा मोठा भाग कायमचा असतो, टेकण्याच्या जागी मातीचे अतिशय पातळ पापुद्रे असतात, ते दबतात आणि त्यावरून कण किंचित घसरतात. म्हणजे कट आवाज आला नाही म्हणून सगळं रबरासारखं परत येईल असं धरून चालायचं नाही.

मग वाळूचा दगड होतो तरी कसा? दाबाने ती ४० वरून फार तर २६ टक्क्यांच्या आसपास येते, साधारण अडीच किलोमीटरपर्यंत, आणि तिथे जवळपास अडकते (गोळ्यांच्या दाट रचनेचा आकडाही २६ आहे तो योगायोगच समजा, खरे कण काही तसे शिस्तीत रचलेले नसतात). त्याच सुमाराला तापमान ७०-८० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि पाण्यात विरघळलेली सिलिका (क्वार्ट्ज जिचं बनतं ती) कणांवर क्वार्ट्ज म्हणून बसायला लागते. टेकण्याच्या जागी जास्त दाब असतो म्हणून तिथलं क्वार्ट्ज जरा जास्त विरघळतं आणि बाजूला मोकळ्या जागेत जमतं, दाबाने खनिज विरघळतं हे हेन्री सॉर्बीने १८६३ मध्येच ओळखलं होतं. असं दोन-चार टक्के सिमेंट जमलं की सांगाडा एवढा ताठ होतो की नुसत्या दाबाने दबणं थांबतं. पण याला लाखो-कोटी वर्षं आणि गरम पाणी लागतं, प्रेस या दोन्हीच्या जागी काही देऊ शकत नाही. एक अपवाद आहे, उल्का आदळते तेव्हा. सौदी अरेबियाच्या वाळवंटात वाबर इथे उल्कापाताच्या धक्क्याने सैल वाळूचा जागच्या जागी दगड झालेला सापडतो, पण तिथले दाब तुमच्या प्रेसच्या आवाक्यात नाहीत.

तरी करणार असाल तर करा, मजा येते. वाळू आधी चाळून एकाच मापाची घ्या, एक भरड आणि एक बारीक असे दोन वेगळे सॅम्पल ठेवा, सिलिंडर भक्कम जाड भिंतीचा घ्या आणि समोर उभे राहू नका. ५०-६० मेगापास्कलला एकदा थांबून लोड पूर्ण काढा आणि परत चढवा, पूर्वीच्या आकड्यापर्यंत जवळपास शांतता असेल आणि तो ओलांडला की कट-कट परत सुरू होईल. कायझरने १९५० मध्ये धातूंवर हे पाहिलं होतं, वाळूतही ऐकू येतं. सॅम्पल काढताना मास्क लावा किंवा आधी पाणी शिंपडा, ताजी फुटलेली क्वार्ट्जची धूळ फुप्फुसांना फार वाईट. मग वाळवून परत त्याच चाळणीतून चाळा आणि खाली पडलेल्या भुकटीचं वजन करा, दोन्ही सॅम्पलचं. भरड वाळूची भुकटी जास्त निघेल असं माझं म्हणणं आहे, आकडे आले की इथेच खाली लिहा.